पक्षिवेत्ते सलीम अली

परीक्षांच्या मापाने ज्यांची योग्यता कधीच मोजता आली नाही, अशा पुरुषांपैकी डॉ. सलीम अली हे एक होत. त्यांचा जन्म मुंबईस १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. बालपणीच आईबापांचे छत्र हरपले व मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. तिची जात विचारण्यास हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि तेथे मिलर्डसाहेबांनी त्याच्यापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा सारा संग्रहच उघडला!

पुढे पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिशास्त्र खात्यात त्यांस जागा मिळाली नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील नोकरीही, ते जर्मनीत शिकून १९३० साली परतले तो, पैशाअभावी बंद झाली होती. त्या रिकाम्या दिवसांत, आमच्या कोकणपट्टीतील किहीम येथे, त्यांनी सुगरणीची घरटी तासन् तास न्याहाळली. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखते, पसंत पडल्यास तो ते पुरे करतो आणि लगेच दुसरे आरंभितो, हे त्यांस तेथे उमगले. बेकारीचा याहून चांगला उपयोग आमच्या तरी पाहण्यात नाही.

१९४५ च्या एप्रिलात ते कच्छच्या मोठ्या रणात गेले. रोहित पक्षी, ज्यांस आपल्या गुजरातेत सुरखाब म्हणतात, ते तेथे उथळ खारट पाण्यात चिखलाचे बुटके बुरूज रचून त्यांवर अंडी घालतात. पिलांसह तो मेळा सुमारे पाच लाखांचा असावा, असा त्यांचा अंदाज होता.

पण हे पाखरू येते कोठून नि जाते कोठे? डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन या शाळामास्तरांनी (आमच्याच धंद्यातले!) १८९९ साली पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची क्रमांकित कडी घालून याचा मार्ग दाखविला होता. दूरच्या बेटांवरील समुद्रपक्ष्यांनाही पुढे अशीच कडी घालण्यात आली. शिमोगा जिल्ह्यात १९५७ साली माकडताप उद्भवला, तेव्हा त्याचे विष उत्तरेकडील पक्ष्यांनी आणले की काय, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ पासून सलीम अलींनी भरतपूर, कच्छ इत्यादी ठिकाणी हजारो पक्ष्यांस कडी घातली. शंका खरी ठरली नाही, परंतु भरतपुरास घातलेली कडी पार सैबेरियात सापडली. १९८७ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा ते नव्वदीत होते.

तापीकाठी वा डुमसच्या किनाऱ्यावर मेलेल्या पक्ष्याच्या पायात असे कडे आढळल्यास त्यावरील क्रमांक, दिनांक व स्थळ मुंबईस सोसायटीला कळवावे. पक्षी जिवंत असल्यास क्रमांक उतरून घेऊन त्यास सोडून द्यावे.