ऋण जाणणारे दादाभाई

एका घरातील पैसा नित्य दुसऱ्या घरी जाऊ लागला आणि परत आलाच नाही, तर पहिल्या घराचे काय होईल, हे सांगावयास पंडित नको. देशांनाही हाच न्याय लागू पडतो, हे आकड्यांनी सिद्ध करण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या दादाभाई नौरोजींचे चरित्र आज आपण पाहू.

४ सप्टेंबर १८२५ रोजी मुंबईत एका गरीब पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते चार वर्षांचे असतानाच वडील वारले. माता माणेकबाई यांनी कष्ट सोसून मुलाला शिकविले. शाळेत फी नव्हती, म्हणूनच हे साधले. आपले शिक्षण गरीब रयतेच्या करातून झाले, तेव्हा ते ऋण फेडले पाहिजे, ही जाणीव त्यांच्या मनात लवकरच रुजली. एल्फिन्स्टन विद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्याच सुमारास, १८४९ साली, मुंबईत मुलींच्या शाळा काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला.

१८५५ साली ते व्यापारानिमित्त इंग्लंडला गेले. तेथील समृद्धी आणि स्वदेशाचे दैन्य यांचा संबंध काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. सरकारी कागद चाळून त्यांनी १८७६ साली मांडले, की हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न अवघे २० रुपये आहे. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रालाही याहून अधिक खर्च येतो! इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार व पेन्शने, कर्जावरील व्याज, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेला नफा, अशा वाटांनी येथील द्रव्य विलायतेस वाहत होते. पूर्वीच्या राजांनी कर घेतला, तरी तो बहुतांशी याच भूमीत खर्च होई. आता तो परत येईना. हाच त्यांचा प्रसिद्ध ‘निःसारण’ सिद्धांत. नेमक्या रकमेविषयी पुढे अभ्यासकांत वाद झाले. परंतु प्रश्न मात्र कोणाला टाळता आला नाही.

आपल्या बडोद्याशीही त्यांचा संबंध आला. १८७४ साली मल्हारराव महाराजांच्या कारकीर्दीत ते येथे दिवाण होते. राज्यकारभार सुधारण्याचा त्यांनी यत्न केला. पण दरबारातील व रेसिडेन्सीतील विरोधामुळे १८७५ च्या आरंभी त्यांनी पद सोडले. अपयशाने ते खचले नाहीत. १८९२ साली अत्यल्प मताधिक्याने का होईना, पण ते ब्रिटिश पार्लमेंटात निवडून आले आणि हिंदुस्थानचे गाऱ्हाणे धनकोच्या घरातच मांडू लागले. १९०६ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, कलकत्त्याच्या काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्याची मागणी केली. ३० जून १९१७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकी कित्येक जण उद्या मोठ्या शहरी किंवा परदेशी जातील. जाण्यात दोष नाही. दादाभाईही गेलेच होते. परंतु ज्या गावाने आपणांस शिकविले, त्याच्याकडे काही परत वळते की नाही, हा हिशेब आपण प्रत्येकाने ठेवावा. गणिताच्या त्या थोर शिक्षकाची हीच खरी गुरुदक्षिणा होय.