ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

देवळाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं, ज्यांनीं कोंकणांतील आमच्या पूर्वजांस पाप व पावित्र्य यांचा अर्थ त्यांना कळणाऱ्या भाषेंत समजाविला, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचें स्मरण करणें उचित होय.

त्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. त्या काळीं त्या देशांत कॅथॉलिक धर्म उघडपणें पाळणें संकटाचें झालें होतें. म्हणून ते रोमास गेले व इ. स. १५७५ सालीं येशूसंघांत शिरले. इ. स. १५७९ च्या ऑक्टोबरांत ते गोव्यास पोंचले, आणि पुढील चाळीस वर्षें बहुतेक सासष्टी महालांतच त्यांनीं सेवेंत घालविलीं.

तेथें राजसत्तेनें जुनीं मंदिरें मोडिलीं होतीं. नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं व त्यांच्या जागीं दुसरी कथा कानीं पडत नव्हती. स्वतःच्या भाषेंत जें पाप ओळखतां येत नाहीं, तें मनुष्यानें कबूल तरी कसें करावें? ही उणीव जाणून फादर मराठी शिकले व त्यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें. तें इ. स. १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापिलें गेलें. पहिल्या पुराणांत आदाम व एवा यांचें पतन व तारणाऱ्याची वाट पाहणारें जग आहे. दुसऱ्यांत त्या तारणाऱ्याचा जन्म, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान आहे.

पवित्र शास्त्राची शिकवण सरळ आहे. आदाम पाप करून देवापासून लपला व दोष त्यानें एवेवर ढकलिला. दावीद राजाच्या हातून व्यभिचार व खून घडला. परंतु नाथान संदेष्ट्यानें दोष दाखवितांच त्यानें तो कबूल केला आणि देवापाशीं शुद्ध अंतःकरण मागितलें. पापी दोघेही, एक लपला, दुसरा शरण गेला. पावित्र्य मनुष्याच्या बळानें मिळत नाहीं. तें पश्चात्तापी जनांस कृपेनें मिळतें.

इ. स. १६१९ सालीं फादर गोव्यांतच देवाघरीं गेले. इ. स. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकभाषा सोडण्याचा हुकूम काढिला. पुराणाच्या जुन्या छापील प्रतीही नाहींशा झाल्या; परंतु भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या प्रतींनीं तें तारिलें.

वाचकहो, कुमसारास गुडघे टेकतांना आपण आपलें पातक आपल्याच भाषेंत सांगतों. ही मोकळीक थोर आहे. तिचा उपयोग आदामाप्रमाणें लपण्याकडे न होवो, दावीदाप्रमाणें शुद्ध होण्याकडे होवो.