सरकारी शाळेचा पहिला वकील : महात्मा जोतीराव फुले

सरकारी शाळा बंद पडल्या तर आपले काय बिघडते, असा प्रश्न आता आपल्याच वस्त्यांतून ऐकू येऊ लागला आहे. ज्याला नोकरी लागली, ज्याच्या हाती दोन पैसे आले, त्याची मुले इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेच्या बसमध्ये बसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती शेतमजुरांची, वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोड कामगारांची मुले. अशा वेळी महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र पुन्हा वाचले पाहिजे. जयंतीच्या भाषणात आपण मुलींच्या पहिल्या शाळेपाशी येऊन थांबतो. पण स्वतः खाजगी शाळा काढणाऱ्या या महापुरुषाने प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी सरकारच्याच गळ्यात का बांधली, हे फारसे कोणी सांगत नाही.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. आई चिमणाबाई ते वर्षाचे व्हायच्या आतच वारल्या. वडील गोविंदराव यांचा फुलांचा धंदा आणि शेतीवाडी. त्यांनी मुलाला शाळेत घातले, पण माळ्याच्या पोराने शिकून काय करायचे, असे कान भरणारे भेटले आणि शाळा सुटली. जोतीराव मळ्यात राबू लागले. शेजारचे मुन्शी गफार बेग आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. म्हणजे शेजारी चांगले भेटले म्हणून जोतीराव शिकले. ज्यांना असे शेजारी भेटले नाहीत, त्या हजारो माळी, कुणबी, महार, मांगांच्या पोरांचे काय, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

१८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी अंगावर शेण-चिखल झेलत शिकवले. गोविंदरावांनी दोघांना घराबाहेर काढले, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमा शेख या कामात सावित्रीबाईंच्या सोबतीला उभ्या राहिल्या. पुढे आणखी शाळा निघाल्या. महार-मांगांच्या मुलामुलींसाठी शाळा निघाली. १८५२ साली विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला. त्याच शाळेतली मुक्ता साळवे ही मातंग समाजाची मुलगी १८५५ साली ज्ञानोदयात निबंध लिहून धर्माच्या ठेकेदारांना जाब विचारत होती. १८५५ साली कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळाही जोतीराव-सावित्रीबाईंनी चालवली.

हे सारे देणग्यांवर आणि दक्षिणा फंडातून मिळणाऱ्या थोड्या मदतीवर चालले होते. १८५७ च्या उठावानंतर युरोपियन देणगीदारांचे हात आखडले आणि शाळांची ओढाताण सुरू झाली. मुलींच्या शाळांची व्यवस्था अखेर शिक्षण खात्याकडे गेली. महार-मांगांची शाळा तगून राहिली, पण तिची स्थिती समाधानकारक नाही, हे पुढे स्वतः जोतीरावांनीच सरकारदरबारी नमूद केले. देणगीदाराच्या मर्जीवर चालणारी शाळा मर्जी फिरली की कोलमडते, हा धडा त्यांना पुस्तकातून मिळाला नव्हता.

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग आला. सरकारने शिक्षणातून अंग काढून घ्यावे आणि खाजगी प्रयत्नांना अनुदान द्यावे, असा विचार तेव्हा जोरात होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी आयोगापुढे निवेदन दिले. आजच्या प्रत्येक शिक्षक संघटनेच्या कार्यालयात ते टांगले पाहिजे.

त्यांचा पहिला मुद्दा पैशाचा होता. सरकारची तिजोरी भरते ती रयतेच्या घामावर. तरी तो पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो आणि शिक्षणाच्या नावाने वसूल केलेला करही त्या कामी लागत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. मुंबई इलाख्यातील दहापैकी नऊ गावांत, म्हणजे सुमारे १० लाख मुलांसाठी शिक्षणाची कसलीच सोय नाही, हा आकडा त्यांनी आयोगासमोर ठेवला. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी केली.

दुसरा मुद्दा थेट आजच्या वादाचा आहे. निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरिबांना उपयोगी नाही, असे त्यांनी बजावले. ज्या लोकांना शिक्षणाची गोडीच लागू दिलेली नाही, त्यांच्यात स्वतःच्या हिमतीवर शाळा काढायला कोणता मास्तर येईल? त्याचे पोट तिथे भरणार नाही. जिथे फी मिळते तिथेच खाजगी शाळा निघते, हे गणित जोतीरावांनी तेव्हाच मांडले. नगरपालिकांनी खर्च उचलावा, पण शाळांचा कारभार सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, देखरेख शिक्षण खात्याचीच असावी, असेही त्यांनी सांगितले. त्या काळात पुणे नगरपालिकेचे कामकाज त्यांनी सभासद म्हणून आतून पाहिले होते. सरकारने शाळा-कॉलेजांतून माघार घेतली तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि भिन्न जाती-धर्मांच्या या देशात सरकारचा तटस्थपणाही धोक्यात येईल, हा त्यांचा इशारा होता.

मात्र जोतीराव सरकारी शाळेचे आंधळे भक्त नव्हते. शिकवणाऱ्यांवर आणि अभ्यासक्रमावर त्यांनी कोरडे ओढले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला, प्रशिक्षित, नांगर धरायला न लाजणारा असावा. त्याचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा. मोडी-बालबोध वाचन-लेखन आणि हिशेबाबरोबर शेती व आरोग्याचे ज्ञान द्यावे. तपासणी वारंवार व्हावी, असा आराखडाच त्यांनी दिला. शाळा वाईट आहे म्हणून बंद करा, असे ते म्हणाले नाहीत. ती चांगली करा, असे म्हणाले.

हंटर आयोगाने सक्तीची मागणी मानली नाही आणि प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची शिफारस केली. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि रयतेच्या शिक्षणाची मागणी पुन्हा मांडून आले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवले. जोतीरावांना गुरू मानणारे बाबासाहेब साताऱ्याच्या आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन या सरकारी शाळांत शिकले. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पण म्हणून राज्याला जबाबदारीतून मोकळे केले नाही.

आज काय चालले आहे? महाराष्ट्रात २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. २०१७ साली कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांतून अनेक खाजगी शाळांना सूट देण्यात आली. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे एका हाताने सरकारी शाळा मिटवायची आणि दुसऱ्या हाताने खाजगी शाळेचे दारही लावायचे. मग पाड्यावरच्या आणि तांड्यावरच्या मुलाने जायचे कुठे?

आपल्या मुलासाठी चांगली शाळा शोधणाऱ्या बापाला दोष देण्यात अर्थ नाही. पण आपले मूल काढले की शाळेशी नाते तोडायचे, ही चळवळीची रीत नव्हे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. दुर्बल घटकांतील पालकांना त्यात प्रमाणात स्थान आहे. या समित्या किती गावांत आपल्या ताब्यात आहेत? तिथे आपल्या पालकांना निवडून आणा, शिक्षकांची रिकामी पदे भरायला लावा, अशैक्षणिक कामांतून त्यांना सोडवा आणि न शिकवणाऱ्याला जाबही विचारा. येत्या ११ एप्रिलला जोतीरावांच्या पुतळ्याला हार घालून झाला की गावातल्या शाळेच्या पटावरचा आकडा पाहून यावा आणि कोणाची मुले शाळेबाहेर आहेत, त्याची यादी करून मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी.