कपाटातल्या बाटल्या आणि पाइनचा वास

गेल्या महिन्यात ओपीडीत एक तिशीचा तरुण आला. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, पाळीची ड्युटी, पोटाचा घेर वाढलेला. कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीवर यकृतात चरबी दिसली, म्हणून त्याला आमच्या सरकारी रुग्णालयात पाठवले होते. दारूविषयी विचारले तेव्हा त्याने न लपवता सांगितले. शनिवार-रविवारी मित्रांबरोबर बिअर होते, आणि तीही साधी नाही. हॉप्स भरपूर घातलेली, कडू, पाइनच्या झाडासारखा वास येणारी. अशी बिअर शोधत तो पुण्या-मुंबईपर्यंत जातो.

मग त्याने त्याची खरी शंका विचारली. त्याचे वडील घरांना रंग देण्याचे काम करायचे. लहानपणी घरात टर्पेंटाइनचा जो वास असायचा, तसाच वास या बिअरला येतो. कंपनीवाले त्यात काही केमिकल मिसळत असतील का? यकृत त्यानेच बिघडले असेल का? त्याचा एक मित्र मात्र त्याला समजावत होता की हा वास वनस्पतीचा आहे, म्हणजे ही बिअर एक प्रकारे औषधीच.

त्याचे नाक बरोबर होते, पण दोघांचेही निष्कर्ष चुकीचे होते. ते का चुकीचे, हे कळायला एका जर्मन माणसाची गोष्ट सांगावी लागते. त्यांचे नाव ओटो वालाख. रसायनशास्त्राचे १९१० सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

वालाख यांचा जन्म २७ मार्च १८४७ रोजी क्योनिग्सबर्ग येथे झाला. हे शहर तेव्हा प्रशियात होते, आज ते रशियात आहे आणि त्याचे नाव कालिनिनग्राद आहे. वडील सरकारी अधिकारी असल्याने बदल्या होत राहिल्या आणि मुलाचे शिक्षण पॉट्सडॅमला झाले. इतिहास आणि चित्रकला यांची त्याला गोडी होती, पण घरी छोटे छोटे रासायनिक प्रयोग करण्याचा नादही होता. १८६७ मध्ये तो ग्योटिंगेन विद्यापीठात दाखल झाला. त्या काळी संध्याकाळी पाच वाजता शहराचा गॅस बंद होई आणि प्रयोगशाळेत अंधार पडे. पुढचे काम विद्यार्थी स्वतःच्या मेणबत्त्या लावून करीत. वालाख यांनी अशा उजेडात अवघ्या पाच सत्रांत डॉक्टरेट पूर्ण केली, तीही १८६९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी. प्रबंधाचा विषय होता टोल्युइनच्या कुळातले पदार्थ. हेच टोल्युइन आज रंगाच्या थिनरमध्ये असते आणि अंबड-सातपूरच्या पेंट शॉपमध्ये काम करणाऱ्यांना त्याचा वास ओळखीचा आहे.

पुढची दोन-तीन वर्षे धावपळीची गेली. १८७० मध्ये ते बॉन येथे ऑगस्ट केकुले यांच्याकडे गेले. बेंझिनच्या रेणूची कडी सांगणारे केकुले ते हेच. तेवढ्यात फ्रान्सशी युद्ध सुरू झाले आणि लष्करी सेवा आली. त्यानंतर बर्लिनच्या एका रंगद्रव्याच्या कारखान्यात त्यांनी नोकरी धरली. तिथल्या विषारी वाफा त्यांना सोसल्या नाहीत. तब्येत ढासळली आणि १८७२ मध्ये ते कारखाना सोडून बॉनला परतले. औद्योगिक वसाहतीजवळ काम करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला त्यांच्या चरित्रातला हा भाग फार जवळचा वाटतो. वाफेने आजारी पडून नोकरी सोडावी लागलेले कामगार आम्ही आजही पाहतो. वालाख यांना परतायला विद्यापीठ होते, आमच्या बहुतेक रुग्णांना तसे काही नसते.

बॉनमध्ये ते सतरा वर्षे रमले. १८७९ मध्ये त्यांच्यावर औषधनिर्माणशास्त्र शिकवण्याची जबाबदारी आली. हा त्यांचा विषय नव्हता. पण शिकवायचे तर आधी आपल्याला समजले पाहिजे, म्हणून त्यांनी औषधांत वापरल्या जाणाऱ्या सुगंधी तेलांकडे पाहायला सुरुवात केली. केकुले यांच्या प्रयोगशाळेत एका जुन्या कपाटात अशा तेलांच्या बाटल्या वर्षानुवर्षे कोणी हात न लावता पडून होत्या. वालाख यांनी त्या वापरायची परवानगी मागितली. केकुले यांना त्यातून काही निघेल अशी फारशी आशा नव्हती, पण त्यांनी नाही म्हटले नाही.

त्या वेळचा गोंधळ समजून घेण्यासारखा आहे. संत्र्याच्या सालीतून तेल काढले की त्यातल्या पदार्थाला एक नाव मिळे, शहाजिऱ्यातून काढले की दुसरे, निलगिरीतून काढले की तिसरे. वनस्पती जितक्या, तितकी नावे. या सगळ्या पदार्थांत दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन अणू, पण ते खरोखर वेगळे की एकच, हे कोणी ठामपणे सांगू शकत नव्हते. शिवाय ही तेले द्रवरूप, एकमेकांत मिसळलेली, तापवली की बदलणारी. चांगले चांगले रसायनशास्त्रज्ञ या विषयापासून दूर राहत.

वालाख यांनी चिकाटीने काम केले. तेल पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध करायचे. मग त्यावर हायड्रोजन क्लोराइड, ब्रोमीन, नायट्रोसिल क्लोराइड अशा ठरावीक पदार्थांची क्रिया करून स्फटिक मिळवायचे. द्रवाची ओळख पटणे कठीण, पण स्फटिक नेमक्या तापमानाला वितळतो. म्हणजे प्रत्येक पदार्थाला जणू अंगठ्याचा ठसा मिळाला. ठसे जुळवून पाहिल्यावर १८८४ पासून एकेक निष्कर्ष बाहेर येऊ लागला. वेगवेगळ्या नावांनी मिरवणारे अनेक पदार्थ मुळात एकच होते. संत्र्याच्या सालीतला आणि शहाजिऱ्यातला तो पदार्थ म्हणजे आजचे लिमोनीन. पाइनच्या टर्पेंटाइनमधला मुख्य पदार्थ म्हणजे पायनीन. या कुळाला टर्पीन म्हणतात. १८८७ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. हे रेणू आयसोप्रिन नावाच्या पाच कार्बन अणूंच्या तुकड्यापासून बांधल्यासारखे दिसतात. एकाच साच्यातल्या विटा, फक्त रचना वेगळी.

१८८९ मध्ये ते ग्योटिंगेनला रसायनशास्त्र संस्थेचे प्रमुख झाले. १९०९ मध्ये त्यांनी टर्पीन आणि कापूर यांवरचे आपले सारे काम एका जाडजूड ग्रंथात आणले. पुढच्याच वर्षी नोबेल मिळाले. त्यांच्या कामामुळे अत्तर आणि सुगंधी तेलांच्या उद्योगाला शास्त्राचा पाया मिळाला होता. त्यांच्याकडे शिकायला देशोदेशींचे विद्यार्थी येत. त्यातला एक इंग्रज तरुण होता वॉल्टर हॅवर्थ. पुढे याच हॅवर्थ यांना कर्बोदके आणि क जीवनसत्त्वावरील कामासाठी १९३७ चे नोबेल मिळाले.

शेवटची वर्षे मात्र कष्टी होती. पहिल्या महायुद्धात त्यांचे सहा सहाय्यक मारले गेले. १९१५ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी पद सोडले. लग्न केले नव्हते. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी ग्योटिंगेनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा धागा आपल्याकडेही पोहोचला. हिमालयातल्या चीड वृक्षाच्या टर्पेंटाइनमधून कॅरीन हा टर्पीन १९२० मध्ये शोधून काढला तो जॉन सायमनसेन यांनी, आणि ते डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम करीत होते. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय वनस्पतींतल्या टर्पीनांवर मोठे काम केले.

आता आपल्या तरुणाच्या ग्लासाकडे येऊ. हॉप ही भांगेच्या कुळातली वेल. तिच्या मादी फुलांत पिवळी, चिकट पूड असते, त्यात कडू राळ आणि सुगंधी तेल असते. त्या तेलात मायर्सीन भरपूर आणि थोडे पायनीन. म्हणजे पाइनच्या झाडात आहे तोच पदार्थ, तोच रेणू. बाहेरून टर्पेंटाइन मिसळायची गरजच नाही. असे टर्पीन आपल्या स्वयंपाकघरातही आहेत. मिरीत आणि जायफळात पायनीन आहे, कैरीच्या वासात मायर्सीन आहे.

कडू राळेचे काम वेगळे. ती काही जिवाणूंची वाढ रोखते. म्हणूनच अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याकडे येणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालत, म्हणजे महिनोन्‌महिन्यांच्या समुद्रप्रवासात ती टिकावी. इंडिया पेल एल हे नाव तिथून आले. अशा गोऱ्या शिपायांची एक मोठी छावणी आपल्या देवळालीला होती. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे दिवस काढणारे शिपाई उष्णतेने आणि कंटाळ्याने बेजार होत. त्यावरून डूलॅली हा वेडसर या अर्थाचा शब्द इंग्रजीत गेला, आणि २००९ मध्ये सुरू झालेल्या पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीने तेच नाव घेतले.

पाइनचा वास ठळक हवा असेल तर लोक काय पाहतात, हेही सांगून टाकतो. शिनूक, सिमको, कोलंबस या अमेरिकी हॉप्सच्या जाती त्यासाठी ओळखल्या जातात, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या धर्तीची आयपीए. टर्पीन उडून जाणारे असतात. तासभर उकळले की कडवटपणा उतरतो, पण वास निघून जातो. म्हणून उकळी संपताना किंवा थंड झाल्यावर पुन्हा हॉप्स घालतात. बाटली जुनी झाली, उन्हात किंवा गरम जागी राहिली की तो वास मंदावतो. शोधणाऱ्याने ताजेपणाची तारीख पाहावी, एवढेच त्यातले शास्त्र.

आता औषधीपणाबद्दल. एक लिटर बिअरमध्ये पायनीन एक मिलिग्रॅमही नसते. त्याच्याने यकृत बिघडत नाही आणि सुधारतही नाही. यकृताला त्रास देते ते अल्कोहोल. पाच टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे २६ ग्रॅम अल्कोहोल असते. आठ टक्के असेल तर सुमारे ४१ ग्रॅम. हॉप्स भरपूर असलेल्या बिअर बहुधा साध्या बिअरपेक्षा कडक असतात. अल्कोहोल कर्करोगकारक आहे आणि त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. ज्याच्या यकृतात चरबी साठली आहे, त्याच्यासाठी तर उत्तर एकच. पूर्ण बंद.

वालाख यांच्या आयुष्याने शिकवलेली गोष्ट हीच आहे. पदार्थ कुठून आला, त्याला नाव काय दिले, यावर त्याचा गुण ठरत नाही. तो कोणता रेणू आहे आणि किती प्रमाणात आहे, यावर ठरतो. झाडातून आले म्हणून औषध नाही, आणि केमिकल म्हटले म्हणून विष नाही.

याची दुसरी बाजू आम्ही बालरोग विभागात पाहतो. कापूर हा याच कुळातला. देव्हाऱ्यातला, अगदी पवित्र. पण लहान मुलाने कापराची वडी गिळली तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. टर्पेंटाइन घोटभर प्यायले तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. असे झाले तर मुलाला उलटी करायला लावू नका, दूध किंवा तेल पाजू नका, बाटली किंवा पुडी बरोबर घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला सर्दीसाठी कापूर किंवा कापूर असलेले बाम लावू नका. कापूर मुलाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचावर ठेवा. रंगाचे टर्पेंटाइन पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका.

त्या तरुणाला हे सगळे सांगितले. बिअरमध्ये कोणी टर्पेंटाइन मिसळत नाही हे ऐकून तो सुखावला, आणि बिअर बंद हे ऐकून थोडा हिरमुसला. वजन सात-आठ टक्क्यांनी कमी केले तर यकृतातली चरबी बऱ्याच जणांत उतरते, हे ऐकल्यावर मात्र त्याने जेवणाखाण्याविषयी नीट विचारून घेतले. जाताना त्याला म्हटले, वासाची एवढी आवड आहे तर कैरीच्या पन्ह्यात चिमूटभर मिरपूड घालून बघ, दोन्हींत टर्पीनच आहेत, साखर मात्र बेताची घाल. तीन महिन्यांनी रक्ततपासणी करायला येतो म्हणाला. वाट पाहतो आहे.