गणिताचे मास्तर, घरातले अण्णा

या स्मरणिकेसाठी शिक्षकांवर लिहायचं ठरल्यावर आपल्या बॅचच्या बहुतेकांनी आपल्या सर-बाईंवर लिहिलं. मी मात्र अशा शिक्षकांवर लिहिते आहे, ज्यांच्या वर्गात आपल्यापैकी कुणीच बसलेलं नाही. धोंडो केशव कर्वे. आपण त्यांचं नाव घेतो ते महर्षी म्हणून. पण त्यांचा पेशा गणित शिकवण्याचा होता, आणि घरात ते अण्णा होते.

18 एप्रिल 1858 रोजी कोकणातल्या शेरवलीला, आजोळी त्यांचा जन्म झाला. घर दापोलीजवळच्या मुरूडचं, परिस्थिती बेताची. सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा शंभराहून अधिक मैल चालत, पावसात घाट चढून साताऱ्याला पोहोचला. तिथे वय कमी दिसतं म्हणून त्याला परत पाठवलं. पुढे त्याने तीच परीक्षा कोल्हापूरहून दिली. मॅट्रिक व्हायला तेविसावं वर्ष उजाडलं. मग एल्फिन्स्टन कॉलेजातून 1884 साली गणित घेऊन बी. ए. केलं. मुंबईत मुलींच्या शाळांत तास घ्यायचे, शिकवण्या करायच्या आणि मिळकतीतला ठरावीक वाटा मुरूड गावासाठी बाजूला ठेवायचा, असा त्यांचा शिरस्ता होता.

1891 हे वर्ष त्यांना उलटंपालटं करून गेलं. पत्नी राधाबाई वारल्या. मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून त्यांना बोलावणं आलं. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं होतं. मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झाली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होती. 11 मार्च 1893 रोजी त्यांचं लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या आणि घरादाराच्या बाया.

मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांना घरात ठेवून घेतलं, तर घरच्यांनाही वाळीत टाकणार असा धाक होता. आईला भेटायला गेलेल्या मुलाला आपल्याच घरात राहण्याची सोय उरली नाही. कुटुंबवत्सल माणसाला याहून मोठी शिक्षा कोणती?

त्यांनी गावावर राग धरला नाही. 1896 साली अनाथ बालिकाश्रमाची सुरुवात झाली. बायांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात आल्या, शिकल्या आणि पुढे आश्रमाचा मोठा आधार बनल्या. 1900 साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचं, संध्याकाळी सामान घेऊन चिखलाच्या वाटेने हिंगण्याला चालत जायचं, रात्री तिथे राहायचं आणि सकाळी परत कॉलेज, असा त्यांचा क्रम कितीतरी दिवस चालला.

आणि पुण्यातलं घर? ते बाया चालवत होत्या. अण्णांचा पैसा आश्रमाकडे वळायचा, घरात मुलं वाढत होती. बायांनी नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं, कमाई केली, आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली. पुढे त्यांनी ‘माझे पुराण’ लिहिलं, त्यात या संसाराची ओढाताण आडपडदा न ठेवता सांगितली आहे. अण्णांचं ‘आत्मवृत्त’ 1915 सालचं. ज्यांना जमेल त्यांनी ही दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचावीत. एकाच घराचा हिशेब दोन हातांनी लिहिलेला दिसतो.

मी स्वतः आयटीत नोकरी करते. रिलीजच्या आठवड्यात माझं घर कोण सांभाळतं, हे मला पक्कं माहीत आहे. त्यामुळे अण्णांना कुटुंबवत्सल म्हणताना मी जरा थांबते. घरावर त्यांचं प्रेम होतं यात शंका नाही. पण त्यांच्या लेखी घराचा उंबरठा सरकत राहिला. आधी मुरूड, मग आश्रमातल्या विधवा मुली, मग शिकू पाहणारी प्रत्येक बाई. उंबरठा सरकवणारे ते, आणि आतला पसारा आवरणाऱ्या बाया.

1914 साली ते कॉलेजातून निवृत्त झाले. बहुतेकांची कामं तिथे थांबतात. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली होती. त्यावरून 1916 साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी मोजक्या विद्यार्थिनींना घेऊन महिला विद्यापीठ उभं केलं. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव मिळालं. तेच आपलं एसएनडीटी. सत्तरी उलटल्यावर अण्णा युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिकेत फिरून विद्यापीठासाठी पैसे जमवून आले. 1936 साली खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं, 1944 साली समता संघ. वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हतं. हळू आवाजात सांगायचे आणि पुन्हा पुन्हा जायचे.

मुलं आपापल्या वाटांनी मोठी झाली. रघुनाथ वडिलांसारखेच गणिताचे प्राध्यापक झाले. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना नोकरी सोडावी लागली, तरी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी अखेरपर्यंत चालवलं. शंकर डॉक्टर होऊन मोंबासाला गेले. दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, इरावतीबाई त्यांच्या पत्नी. भास्कर हिंगण्याच्या संस्थेत राहिले.

दीर्घायुष्याची किंमतही असते. 1950 साली बाया गेल्या, 1953 साली रघुनाथ. पंचाण्णव वर्षांच्या बापाने एकाहत्तर वर्षांच्या मुलाचं जाणं पाहिलं. 1958 साली शंभरी भरली, तेव्हा भारतरत्न मिळालं आणि त्यांच्या हयातीतच टपाल तिकीट निघालं. 9 नोव्हेंबर 1962 रोजी, एकशे चौथ्या वर्षानंतर, ते गेले.

हिंगण्याचा तो माळ म्हणजे आजचं कर्वेनगर. त्यांच्या संस्थेने तिथे 1991 साली मुलींचं इंजिनीअरिंग कॉलेज काढलं. माझी पदवी तिथलीच. चार वर्षं मी त्याच रस्त्याने बसने गेले, तेव्हा तो डांबरी होता आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

आता एक विनंती. दहावीच्या वर्षी आपण संध्याकाळी सरांच्या, बाईंच्या घरी अडलेली गणितं घेऊन जायचो. त्या घरांतही कुणीतरी चहा टाकत होतं, स्वतःच्या मुलांना आतल्या खोलीत बसवत होतं, जेवण लांबवत होतं. मेळाव्याच्या आमंत्रणांची यादी अजून पक्की झालेली नाही. आपल्या शिक्षकांबरोबर त्यांच्या घरच्यांचीही नावं तिच्यात घालूया, आणि पहिल्या रांगेत बसवूया.