होमी भाभा : तारापूरच्या आधीचा एक कॉम्प्युटर

गिरीजला राहा नाहीतर विरारला, होमी भाभा म्हटलं की आपल्या पालघर जिल्ह्यातलं तारापूर आठवतं. अणुवीज, बस्स! पण आपल्याकडे इंटरनेट कसं आलं ते शोधत मागे गेलं, तरी हाच माणूस भेटतो.

भाभांचा जन्म १९०९ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. केंब्रिजला गेले इंजिनिअर व्हायला, झालेही, पण मन रमलं भौतिकशास्त्रात. १९३९ मध्ये सुट्टीवर घरी आले आणि तिकडे महायुद्ध पेटलं. परत जाणं राहिलंच. १९४५ मध्ये टाटा ट्रस्टच्या मदतीने त्यांनी टीआयएफआर ही संशोधन संस्था काढली.

इथे १९५४ च्या सुमारास आर. नरसिंहन यांच्या टीमने चक्क स्वतःचा कॉम्प्युटर बांधायला घेतला. भाभांचा त्याला पूर्ण पाठिंबा. १९६० मध्ये मशीन सुरू झालं, नाव टिफरॅक. आत २,७०० व्हॉल्व्ह, त्यामुळे खोलीभर पसारा. आणि मेमरी? ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे हिशेबाने १० केबी. तुमचा व्हॉट्सॲपवरचा एक फोटोही त्यात मावायचा नाही.

खरं सांगायचं तर टिफरॅक जन्मतःच जुना होता. जग तोवर ट्रान्झिस्टरकडे वळलं होतं. १९६४ मध्ये संस्थेने सीडीसी ३६०० हे अमेरिकन मशीन आणलंच. मग मेहनत वाया गेली का? मला नाही वाटत. मशीन आतून ओळखणारी माणसं तयार झाली होती, आणि ती काही बाजारात विकत मिळत नाहीत.

२४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँ पर्वतावर एअर इंडियाचं विमान कोसळलं. त्यात भाभा गेले, वयाच्या अवघ्या ५६ व्या वर्षी. ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली, आणि त्याच महिन्यात अमेरिकेत अर्पानेटवरून पहिला मेसेज गेला. भाभांना दोन्ही पाहता आलं नाही.

पण धागा तुटला नाही. टीआयएफआरमधल्याच सॉफ्टवेअर केंद्रातून १९८५ मध्ये एनसीएसटी ही वेगळी संस्था झाली. पुढच्या वर्षी सरकारचं अर्नेट नेटवर्क सुरू झालं, आणि १९८७ मध्ये एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात ईमेल जाऊ-येऊ लागले. तुमच्याआमच्यासारख्यांना कनेक्शन मिळायला मात्र १५ ऑगस्ट १९९५ उजाडला. तेही टेलिफोनच्या वायरीवरून, मोडेमच्या किर्रकिर्र आवाजासकट.