गाळ चाळणारा माणूस

सार्स हे नाव ऐकलं की सगळ्यांना २००३ सालची ती साथच आठवते. पण मी ज्यांच्याबद्दल लिहितेय ते सार्स त्याच्या कितीतरी आधीचे, नॉर्वेचे. गेऑर्ग ओसियान सार्स. जन्म २० एप्रिल १८३७. या माणसाने आयुष्यभर काय केलं, तर थंड समुद्राच्या तळाचा गाळ उपसला, तो चाळला आणि त्यात सापडलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या प्राण्यांची चित्रं काढली. हे प्राणी खेकडा-कोळंबीच्याच खानदानातले. आपल्याकडचा जवळा आठवा, आणि त्याचे असे नातेवाईक डोळ्यांसमोर आणा जे तरंगत नाहीत, तर चिखलात स्वतःला पुरून बसतात. आता तुम्ही म्हणाल, असल्या किड्यांच्या मागे आयुष्य घालवायचं म्हणजे काय! पण त्या काळात एक मोठा वाद चालू होता, आणि त्याचं उत्तर याच चिखलात होतं.

वाद असा. १८४० च्या दशकात एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात जाळी टाकून पाहिली. जसजसं खोल जावं तसतसे प्राणी कमी होत गेले. फोर्ब्जने तो ग्राफ सरळ पुढे वाढवला आणि सांगितलं की तीनशे फॅदमच्या, म्हणजे सुमारे साडेपाचशे मीटरच्या खाली जीवसृष्टी नसावी. आपण लॅबच्या जर्नलमध्ये चार रीडिंग घेऊन रेष ओढतो ना, अगदी तसंच. लोकांना ते पटलंही. खाली अंधार, कडाक्याची थंडी, प्रचंड दाब, तिथे कोण राहणार?

पटलं नाही ते गेऑर्ग यांच्या वडिलांना. मिकाएल सार्स हे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे पाद्री. चर्चचं काम सांभाळून होडीतून समुद्राचा तळ खरवडायचा हा त्यांचा नाद, आणि त्यांना खोल पाण्यातही प्राणी मिळत होते. पुढे १८५४ मध्ये ते राजधानीच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. (ओस्लोला तेव्हा क्रिस्तियानिया म्हणत.) घर एकूणच हुशार. मोठा भाऊ एर्न्स्ट नामांकित इतिहासकार, धाकटी बहीण एव्हा गायिका. गेऑर्ग यांनी मेडिकलला प्रवेश घेतला खरा, पण मन लागेना. शहराभोवतीच्या तळ्यांमधल्या पाणपिसवांवर त्यांनी अभ्यास केला, तो १८६२ मध्ये छापून आला आणि डॉक्टरकी मागे पडली ती पडलीच.

पण पोटाचं काय? सरकार चिखलातल्या किड्यांसाठी पगार देणार नव्हतं. सरकारला काळजी होती कॉड माशाची, कारण लोफोटेन बेटांवरच्या हजारो मच्छीमारांचं पोट त्यावर होतं. कधी मासे भरपूर, कधी काहीच नाही. १८६४ मध्ये सरकारने गेऑर्ग यांना याचा शोध घ्यायला पाठवलं. तिथे त्यांनी दाखवून दिलं की कॉडची अंडी तळाशी पडत नाहीत, ती पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात. मत्स्यशास्त्रात हा शोध फार मोठा मानतात. पण मला जास्त गंमत वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. कॉडचं काम करता करता पठ्ठ्याने वडिलांसाठी स्क्रोव्हा बेटाजवळ सुमारे तीनशे फॅदमवर जाळं टाकलं, आणि वर आला देठ असलेला एक नाजूक प्राणी, फुलासारखा. त्याचे जवळचे नातेवाईक तोवर मुख्यतः जीवाश्म म्हणूनच माहीत होते. वडिलांनी १८६८ मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि खोल पाण्यातल्या चारशेच्या वर जातींची यादीही दिली. हे नमुने पाहून ब्रिटिश शास्त्रज्ञ वायव्हिल थॉमसन यांनी खोल समुद्राच्या मोहिमांचा आग्रह धरला, आणि त्यातूनच १८७२ मध्ये 'चॅलेंजर' हे जहाज जगप्रदक्षिणेला निघालं. ते पाहायला मिकाएल सार्स मात्र नव्हते. ते १८६९ मध्येच गेले.

पुढचं सगळं मुलाने केलं. १८७४ मध्ये प्राध्यापक झाल्यावर १८७६ ते १८७८ असे तीन उन्हाळे ते 'व्हरिंगेन' या वाफेच्या जहाजावरून उत्तरेच्या समुद्रात फिरले. हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन आणि सार्स हे मोहिमेचे प्रमुख. यान मायेन, बेअर आयलंड, स्पिट्सबर्गनपर्यंत ते गेले. खोल तळाचं तापमान शून्याच्याही खाली! खारं पाणी साधारण उणे १.९ अंशांपर्यंत गोठत नाही, म्हणून ते द्रव राहतं इतकंच. आणि त्या पाण्यातही कवचधारी प्राणी होतेच.

इथे मला खरी इंजिनिअरिंगची गोष्ट दिसते. ग्रीनलंडपासून आइसलंड, फेरो बेटं आणि स्कॉटलंडपर्यंत समुद्राच्या पोटात एक लांबलचक कणा आहे. हा म्हणजे पाण्याखालचा बंधाराच. उत्तरेचं जड, थंड पाणी त्याच्यामागे अडून राहतं, काही ठिकाणांहून थोडं सांडतं तेवढंच. त्यामुळे एकाच खोलीवर बंधाऱ्याच्या एका बाजूला पाणी शून्याच्या बरंच वर, तर दुसऱ्या बाजूला शून्याच्या खाली. आणि दोन्हीकडचे प्राणी वेगवेगळे! म्हणजे कोण कुठे राहणार हे नुसतं खोलीवर ठरत नाही, पाण्याचं तापमानही ठरवतं. थंड बाजूच्या कवचधारींची नोंद सार्स यांनी १८८५ आणि १८८६ च्या खंडांत केली.

या प्राण्यांमध्ये क्युमेशियन नावाचा गट त्यांचा विशेष लाडका. लांबी बहुधा काही मिलिमीटर, पुढचा भाग फुगीर, शेपूट बारीक, एकूण आकार स्वल्पविरामासारखा. हे चिखलात पुरून घेतात आणि फक्त डोकं वर ठेवतात. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पोटाखालच्या पिशवीत सांभाळते, आणि पिल्लं बाहेर पडतात ती जवळजवळ आईसारखीच दिसणारी. म्हणजे प्रवाहाबरोबर दूर वाहून जाणारी अळीची अवस्थाच नाही. अँफिपॉड आणि आयसोपॉड यांचंही तेच. त्यामुळे असा प्राणी दोन दूरच्या ठिकाणी सापडला, तर मधला रस्ता कधीतरी खुला असणार असा विचार करावा लागतो. खायला काय, तर वरून पडणारा मेलेल्या प्लवकांचा चुरा. आपली मेस बरी म्हणायची! थंडीमुळे सगळं सावकाश: वाढ सावकाश, पिल्लं कमी. म्हणूनच एकदा तळ उद्ध्वस्त झाला की तो भरून यायला फार वेळ लागतो.

१८८९ मध्ये बहीण एव्हाने फ्रिट्यॉफ नान्सेनशी लग्न केलं. हेच ते नान्सेन, ज्यांनी 'फ्राम' जहाज मुद्दाम बर्फात अडकवून १८९३ ते १८९६ ध्रुवीय समुद्रातून वाहत नेलं. तिथला समुद्र उथळ असेल असा त्यांचा अंदाज होता, त्यामुळे खोली मोजायची दोरी पुरेना. मग काय, जहाजाचा एक पोलादी दोर उसवला, त्याचे पेड दोन-दोन करून पुन्हा वळले आणि चार हजार मीटरच्या वर लांबीची दोरी बनवली. खोली निघाली ३३०० ते ३९०० मीटर. जुगाड तिकडेही चालतो म्हणायचं. बर्फाखालून जाळ्यात आलेले कवचधारी प्राणी मेव्हण्यांच्या टेबलावर आले आणि १९०० मध्ये सार्स यांनी ते छापले. त्यातले बरेच उत्तर अटलांटिकमधून आधीच ओळखीचे होते. नान्सेन यांना थंड थराखाली अटलांटिकचं थोडं उबदार पाणी सापडलं होतं, त्याच्याशी हे छान जुळलं.

त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे नॉर्वेच्या कवचधारी प्राण्यांवरचा नऊ खंडांचा ग्रंथ. लिहिला इंग्रजीत, कारण तो जगाने वाचावा. चित्रं स्वतःच्या हाताने. फक्त अँफिपॉडच्या पहिल्या खंडात ७११ पानं, २४० चित्रपत्रं, वर ८ जादा. क्युमेशियनची ७२. प्रत्येक पायाचा प्रत्येक केस काढलेला! आम्हाला एक असेंब्ली ड्रॉइंग काढताना हात दुखतो. आणि प्रत्येक जातीपुढे लिहिलेलं, ती कुठे सापडली, किती खोलीवर, नॉर्वेबाहेर आणखी कुठे: ग्रीनलंड, स्पिट्सबर्गन वगैरे.

ही कुठे-कुठेची नोंद आज सोन्याची झाली आहे. आर्क्टिक तापतोय, अटलांटिकचं उबदार पाणी उत्तरेकडे सरकतंय. कोणता प्राणी हलला हे कळायला तो आधी कुठे होता हे माहीत हवं ना. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून आपले शास्त्रज्ञही स्पिट्सबर्गनला जातात, तिथे २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' केंद्र आहे.

सार्स ९ एप्रिल १९२७ रोजी गेले, नव्वदीला अकरा दिवस बाकी असताना. तेव्हाही ग्रंथाचा नववा खंड चालूच होता. तो ऑस्ट्राकॉडवर, म्हणजे दोन शिंपल्यांमध्ये मिटून राहणाऱ्या, बहुतेक एखाद-दोन मिलिमीटरच्या प्राण्यांवर. त्याचा शेवटचा भाग १९२८ मध्ये बाहेर आला.